माशाच्या पोटातलं रेशीम

इसवी सनापूर्वी २०९ मध्ये, चीनच्या छिन साम्राज्यात, नऊशे माणसं उत्तरेच्या सरहद्दीवर पहाऱ्याला निघाली होती. वाटेत दाझेश्यांग नावाच्या ठिकाणी पावसाने गाठलं. रस्ते पाण्याखाली गेले. ठरल्या दिवशी हजर झालं नाही तर शिक्षा मृत्यूची. त्या माणसांत चेन शेंग होता. तरुणपणी त्याने दुसऱ्याच्या शेतात मजुरीवर नांगर धरला होता. त्याने आणि वू ग्वांग या त्याच्या साथीदाराने रेशमाच्या तुकड्यावर हिंगुळाने ‘चेन शेंग राजा होणार’ असं लिहिलं आणि तो तुकडा कुणाच्या तरी जाळ्यात आलेल्या माशाच्या पोटात सारला. शिपायांनी मासा विकत आणला, चिरला आणि लाल अक्षरं बघून ते हबकले. रात्री जवळच्या झाडीतल्या देवळाकडे उजेड दिसला आणि कोल्ह्याच्या आवाजात हाक आली, ‘चू राज्य पुन्हा उभं राहील, चेन शेंग राजा होईल!’ चू म्हणजे छिनने बुडवलेलं जुनं राज्य, आणि तो कोल्हा म्हणजे वू ग्वांग.

मग पहाऱ्याच्या दोन्ही अधिकाऱ्यांना मारून चेन शेंग त्या नऊशे माणसांपुढे उभा राहिला. उशीर तर झालाच आहे, मरायचंच आहे, तर काहीतरी मोठं करून मरू, असं त्याने सांगितलं. आणि शेवटी जे विचारलं ते चीनमध्ये आजही लोकांच्या तोंडी आहे: ‘राजे, सरदार, सेनापती, मंत्री यांचं काय बी वेगळं असतं?’

सीमा च्येन या इतिहासकाराने हा प्रसंग शंभरेक वर्षांनी लिहून ठेवला. त्याने काही झाकलं नाही. रेशमावर कुणी लिहिलं, कोल्हा कोण होता, सगळं सांगितलं. बंड सहा महिन्यांत मोडलं, चेन शेंगला त्याच्याच सारथ्याने मारलं, हेही सांगितलं. आणि एवढं करून या शेतमजुराचं चरित्र त्याने पिढीजात सरदार घराण्यांसाठी राखलेल्या भागात घातलं. हे लिहिणाऱ्या माणसाने स्वतः एका हरलेल्या सेनापतीची बाजू घेतली म्हणून सम्राटाकडून खच्ची होण्याची शिक्षा भोगली होती. राजाचं बी वेगळं नसतं हे त्याच्याइतकं कुणाला कळणार?

चिनी राजदरबारावर बेतलेली फँटसी कादंबरी हातात घेतली की मी हा मासा मनात ठेवून वाचतो. अशा कादंबऱ्यांची सध्या लाट आहे. इंग्रजीतून येतात, चिनीतून भाषांतरित होऊन येतात, त्यांच्या मालिका होतात, आणि आपल्याकडची कॉलेजातली मुलं त्या फोनवर रात्र रात्र वाचतात. मीही वाचतो, आणि आवडीने वाचतो. कादंबरीतलं घराणं काल्पनिक असतं, पण टोप्या मिंग काळातल्या असतात, परीक्षा सोंग काळातल्या, राण्यांचे दर्जे छिंग काळातले. त्याबद्दल माझी तक्रार नाही. चिनी वाचकांकडे अशा कुठल्याच काळात न बसणाऱ्या कथांसाठी स्वतंत्र शब्द आहे, ‘ज्याकोंग’, म्हणजे हवेत उभारलेली. हवेत उभारा, हरकत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे. या कादंबरीत जी जादू आहे, ती कुणाच्या बाजूने खरी ठरते?

बहुतेक वेळा ती गादीच्या बाजूने खरी ठरते. साचा ओळखीचा झाला आहे. सरहद्दीवरच्या गरीब गावातली मुलगी राजवाड्यात दासी म्हणून येते. तिचा अपमान होतो, ती सोसते, शिकते, डाव ओळखते. तीन-साडेतीनशे पानं आपण तिच्यावर जीव लावतो. आणि मग एका रात्री तिच्या तळहातातून ज्वाला निघते, आणि कळतं की ती पूर्वीच्या बुडालेल्या घराण्याची शेवटची वारस आहे. अग्निपक्षी तिच्या रक्तात आहे. जिने दासी म्हणून आपल्याला जिंकलं ती राजकन्या होती म्हणून जिंकते. मला त्या पानावर फसवल्यासारखं होतं. कारण लेखकाने चेन शेंगच्या प्रश्नाला उत्तर दिलेलं असतं, आणि ते उत्तर असतं: हो, बी वेगळं असतं.

हे उत्तर चिनी इतिहासाच्या सगळ्यात धाडसी विचाराच्या विरुद्ध जातं. इसवी सनापूर्वी अकराव्या शतकात झोऊ घराण्याने शांग घराण्याला हरवलं तेव्हा त्यांना आपल्या बंडाचं समर्थन करायचं होतं. त्यातून ‘त्येनमिंग’ची, म्हणजे आकाशाच्या आज्ञेची कल्पना पुढे आली. आकाश राज्य देतं ते वागणूक बघून, आणि वागणूक बिघडली की काढून घेतं. विजेत्यांची सोय म्हणून जन्मलेली ही कल्पना पुढे त्यांच्याच वारसांच्या गळ्याशी आली. मंग्झी म्हणजे मेन्शियस या तत्त्ववेत्त्याला एका राजाने विचारलं, प्रजेने आपल्या राजाला मारणं योग्य आहे का? त्याने उत्तर दिलं की झोऊ नावाच्या एका माणसाला मारल्याचं मी ऐकलं आहे, राजाला मारल्याचं ऐकलेलं नाही. तो झोऊ म्हणजे शांगांचा शेवटचा जुलमी राजा; झोऊ घराण्याशी या नावाचा संबंध नाही. न्याय सोडला त्या क्षणी तो राजा उरला नाही, असा त्याचा अर्थ.

एका घराण्याच्या आत गादी बापाकडून मुलाकडेच जायची, हे खरं आहे. पण घराणं कुठून सुरू होतं याला रक्ताची अट नव्हती. हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांग शेतकरी कुटुंबातला. मिंग घराण्याचा संस्थापक झू युआनझांग १३२८ मध्ये कंगाल घरात जन्मला, १३४४ च्या दुष्काळात आणि रोगराईत त्याचे आईबाप गेले, मठात राहिला, भीक मागत हिंडला, आणि १३६८ मध्ये सम्राट झाला. याच माणसाने पुढे १३९४ मध्ये मंग्झीच्या ग्रंथातले ८५ उतारे काढून टाकायला लावले. गादी कुणाच्याही हाती येऊ शकते हे ज्याने अंगावर झेललं, त्यालाच ते वाक्य पुस्तकात नको झालं. फँटसीलेखक जेव्हा सम्राटाच्या नसांत ड्रॅगन घालतो तेव्हा तो कात्री घेऊन झू युआनझांगच्या शेजारी बसलेला असतो, त्याच्या मनात असो वा नसो.

याच घराण्यातली पुढची गोष्ट बघा. १५२१ मध्ये सम्राट निपुत्रिक वारला आणि त्याचा चुलतभाऊ, तेरा वर्षांचा मुलगा, गादीवर आला. तो ज्याजिंग सम्राट. अधिकाऱ्यांचं म्हणणं पडलं की गादीच्या परंपरेत यायचं तर आधीच्या सम्राटाच्या वडिलांना, म्हणजे चुलत्याला ‘वडील’ म्हणायचं आणि जन्मदात्याला ‘काका’. मुलगा ऐकेना. १५२४ मध्ये दोनशेहून अधिक अधिकारी राजवाड्याच्या दारात गुडघे टेकून मोठ्याने रडत बसले. सम्राटाने त्यांना तुरुंगात टाकलं, काठ्यांनी मारलं, आणि त्यात सोळा-सतरा जण मेले. राजपद रक्ताने येतं की विधीने, एवढ्यासाठी. आज हे वाचताना विचित्र वाटेल, पण त्या दारातल्या माणसांना कळत होतं की सम्राटाचं रक्त विधीपेक्षा मोठं ठरलं तर त्याला आवर घालणारं काही उरणार नाही. एवढा मोठा प्रसंग समोर असताना कादंबरीकार ‘ज्याच्या हाताला तलवार उजळते तोच खरा वारस’ असं लिहून मोकळा होतो, तेव्हा माझा जीव तुटतो.

हा दोष केवळ पाश्चात्त्य लेखकांचा, असं मी म्हणणार नाही. चिनी वेब-कादंबऱ्यांतही जन्मतः ‘आध्यात्मिक मूळ’ लाभलेले नायक ढिगाने आहेत. ज्याच्याकडे ते मूळ नाही त्याने साधना कितीही करावी, पायरीच्या वर जाता येत नाही. भाषा कुठलीही असो, असं जग वाचताना आपल्याला तरी खटकायला हवं.

आता वू झेत्यान घ्या. चीनच्या दोन हजार वर्षांच्या साम्राज्यात स्वतःच्या नावाने सम्राट झालेली एकमेव स्त्री. ६९० ते ७०५ अशी पंधरा वर्षं ती गादीवर होती, आणि त्याआधी कितीतरी वर्षं नवऱ्यामागून व मुलांमागून राज्य तीच चालवत होती. ६८८ मध्ये लुओ नदीत एक दगड सापडला. त्यावर कोरलं होतं की पवित्र माता लोकांत अवतरली आहे, तिचं राज्य चिरकाल भरभराटीचं होईल. दगड तिच्या भाच्याने, वू चंगस्सने, तयार करवला होता. दोन वर्षांनी भिक्षूंनी एका बौद्ध सूत्राचा आधार दाखवून तिला मैत्रेयाचा, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाचा, अवतार ठरवलं. तिने नवी अक्षरंही घडवली. स्वतःच्या नावासाठी केलेल्या अक्षरात आकाशाच्या वर सूर्य आणि चंद्र शेजारी शेजारी मांडले.

वू झेत्यानवर बेतलेल्या नायिका फँटसीत पुष्कळ आहेत. त्यांच्यातल्या अनेकींना आकाश खरोखर निवडतं. दगड खरोखर बोलतो. वाचकाला वाटतं, वा, स्त्रीला न्याय मिळाला. मला उलट वाटतं. जिला आकाशाने निवडलं तिला दगड कोरवून घ्यावा लागत नाही. वू झेत्यानला तो कोरवून घ्यावा लागला, कारण शास्त्र, विधी, दरबार, भाषेतला ‘सम्राट’ हा शब्दसुद्धा, सगळं तिच्या विरोधात होतं. तिने विरोधकांकडच्याच वस्तू उचलल्या, शकुन, सूत्र, अक्षर, आणि त्यांच्यातून शिडी केली. तिने माणसंही मारली, क्रूरपणे मारली, आणि ते तिच्या खात्यात राहिलंच पाहिजे. दगड खरा केला की तिची चाळीस वर्षांची बुद्धी आणि चाळीस वर्षांचा अपराध, दोन्ही एकदम पुसले जातात. उरते ती आकाशाच्या हातातली बाहुली.

इथे कुणी म्हणेल, अहो, कथा आहे ती. मुलं करमणुकीसाठी वाचतात, त्यात एवढं काय शोधायचं? याचं उत्तर द्यायला मला चीनपर्यंत जावं लागत नाही. राजाच्या गोष्टीतल्या चमत्काराला ‘तुझा फायदा कुणाला?’ असं विचारायची रीत मराठीत महात्मा फुल्यांनी घालून दिली. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त धोंडीबा प्रश्न विचारत जातो आणि जोतीराव मत्स्यापासून परशुरामापर्यंत एकेक अवतार उलगडून दाखवतात, की देवाची म्हणून सांगितलेली ही गोष्ट जिंकणाऱ्याची आहे. त्यांच्या प्रत्येक व्युत्पत्तीशी आज कुणी सहमत नसेल. पण प्रश्न विचारण्याची ती पद्धत आपली आहे. आणि वंशावळ काय करू शकते हेही आपल्याला ठाऊक आहे. ज्याने स्वतःच्या कर्तृत्वाने राज्य उभं केलं त्या शिवाजी महाराजांनाही १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी क्षत्रिय कुळाचा पुरावा मांडावा लागला. रक्ताचा दाखला मागणारं जग कसं असतं हे ज्या भाषेने पाहिलं आहे, तिच्या वाचकाने ‘तिच्या रक्तातच जादू होती’ हे वाक्य सहज गिळू नये.

अंतःपुराबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण दरबारी फँटसीचं सगळं आकर्षण तिथे आहे. जरीचे पोशाख, दागिन्यांच्या पिना, चहातलं विष, एकमेकींवर नजर ठेवणाऱ्या उपपत्नी. बायकांच्या भांडणाचा हा खेळ वाचकाला खिळवतो, मलाही खिळवतो. पण तो खेळ कुणी मांडला, हा प्रश्न त्या पानांत क्वचित येतो.

१४२४ मध्ये योंगल सम्राट वारला. ज्याने बीजिंगचा निषिद्ध राजवाडा बांधवला, ज्याच्या आज्ञेवरून झंग ह याची जहाजं मलबार किनाऱ्यावरच्या कालिकतला आली, तोच हा. (झंग ह हाही षंढ सेवक होता, लढाईत पकडून लहानपणीच खच्ची केलेला. कादंबऱ्यांतल्या बारीक आवाजाच्या कपटी षंढांच्या गर्दीत त्याच्यासारखा एकही भेटू नये?) सम्राटाबरोबर परलोकात जाण्यासाठी तीसेक स्त्रिया निवडल्या गेल्या. त्यांना अंगणात जेवायला घातलं. मग एका दालनात नेलं. छोट्या लाकडी चौरंगांवर उभं केलं, वरून सोडलेले फास गळ्यात अडकवले आणि पायाखालचे चौरंग काढून घेतले. त्यांच्यात कोरियातून खंडणीबरोबर पाठवलेली हान आडनावाची एक होती. तिच्याबरोबर माहेरून आलेली दाई, किम हुक, तिथे होती. फास गळ्यात असताना ती दाईकडे वळून म्हणाली, ‘आई, मी जाते. आई, मी जाते.’ वाक्य पुरं व्हायच्या आत चौरंग निघाला. आपल्याकडे घरातून निघताना कुणी ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतात. तिने ‘जाते’ म्हटलं.

ती दाई १४३५ मध्ये कोरियाला परतली, आणि तिने सांगितलेलं कोरियाच्या राजदरबाराच्या नोंदींत उतरलं. दरम्यान या मुलीच्या धाकट्या बहिणीलाही नंतरच्या एका सम्राटासाठी निवडलं गेलं होतं. ती आजारी पडली तेव्हा भावाने औषध दिलं. त्याला ती म्हणाली, एक बहीण विकून तुझी श्रीमंती शिगेला पोचली आहे, आता औषध कशासाठी? आणि लग्नासाठी जमवलेलं अंथरूण-पांघरूण तिने कापून टाकलं. मृत सम्राटाबरोबर स्त्रियांना मारण्याची ही चाल मिंग दरबारात १४६४ मध्ये बंद झाली, तीही एका सम्राटाने मरताना सांगून ठेवलं म्हणून.

फँटसीत परलोक खरा असतो. तिथे मेलेला सम्राट भूत होऊन येतो, पूर्वज सल्ला देतात, आत्मे नदी ओलांडतात. मग प्रश्न असा की त्या परलोकात या तीस जणी कुठे आहेत? तिथेही त्याच्या सेवेला उभ्या आहेत का? परलोक खरा केला आणि त्यांची विचारपूस केली नाही, तर त्या फासाला लेखकाने मान्यता दिली असं होतं. योंगल सम्राटाच्या माणसांना वाटत होतं ते बरोबर होतं, त्याला खरोखरच तिकडे सोबत हवी होती, असा त्याचा अर्थ निघतो.

मी जादूच्या विरुद्ध आहे असा समज होऊ नये. चिनी रंगभूमीवर तेराव्या शतकात ग्वान हानछिंग या नाटककाराने दोउ अ या तरुण विधवेची कथा रचली. खोट्या खुनाच्या आरोपात, सासूला मारहाण होऊ नये म्हणून ती गुन्हा कबूल करते. वधस्थानी ती तीन गोष्टी बोलून दाखवते. माझं रक्त जमिनीवर सांडणार नाही, वरच्या पांढऱ्या रेशमावर उडेल. भर उन्हाळ्यात तीन फूट बर्फ पडेल. आणि या मुलखात तीन वर्षं पाऊस पडणार नाही. तिन्ही खरं होतं. इथे आकाश कुणाचं ऐकतं? गादीचं नाही, न्यायाधीशाचं नाही, जिच्याकडे तोंडच्या शब्दाशिवाय काही उरलं नाही तिचं. सातशे वर्षं लोक हे बघून रडत आले आहेत. अशी जादू लिहिणाऱ्या लेखकाला इतिहासाच्या शंभर चुका मी माफ करीन.

या वादाची आणखी एक बाजू आहे, आणि ती मला टाळता येत नाही. चीनमधल्या लेखकाला हवेतलं घराणं लागतं ते हौसेसाठीच असं नाही. जुन्या राजाची गोष्ट सांगून आजच्या राजाला बोलण्याची तिथे फार जुनी परंपरा आहे, आणि त्याची किंमतही माणसांनी मोजली आहे. वर ज्याजिंग सम्राट आला होता. त्याच्या राज्याच्या शेवटी, १५६६ मध्ये, हाय रुई नावाच्या मधल्या फळीतल्या अधिकाऱ्याने त्याला अर्ज लिहिला. तुम्ही अमरत्वाच्या नादी लागून वीस वर्षांहून अधिक काळ दरबारात आला नाहीत, असं त्यात होतं. ‘ज्याजिंग’ या तुमच्या राजनामाचा अर्थ लोक ‘घरोघरी सगळं साफ’ असा लावतात, कारण कुणाच्या घरात पैसा उरलेला नाही, हेही होतं. अर्ज देण्याआधी हाय रुईने स्वतःसाठी शवपेटी विकत घेतली. सम्राट संतापून म्हणाला, धरा त्याला, पळू देऊ नका. तेव्हा ह्वांग जिन नावाच्या षंढ सेवकाने सांगितलं की तो पळणार नाही, त्याने शवपेटी घेऊन ठेवली आहे.

चारशे वर्षांनी वू हान या मिंग काळाच्या अभ्यासकाने, जो तेव्हा बीजिंगचा उपमहापौर होता, हाय रुईच्या बडतर्फीवर नाटक लिहिलं. १९६१ मध्ये ते रंगमंचावर आलं. १० नोव्हेंबर १९६५ रोजी शांघायच्या एका दैनिकात त्या नाटकावर हल्ला करणारा लेख छापून आला, आणि सांस्कृतिक क्रांतीची सुरुवात इतिहासकार त्या लेखापासून धरतात. बडतर्फ हाय रुई म्हणजे माओंनी १९५९ मध्ये पदावरून काढलेले संरक्षणमंत्री पंग दहुआय, असा अर्थ लावला गेला. वू हान १९६९ मध्ये तुरुंगात मेला.

हे माहीत असताना मी कुठल्याही चिनी लेखकाला ‘खरं घराणं घे, खरा सम्राट घे’ असं सांगू शकत नाही. त्याचा आडोसा काढून घ्यायचा मला अधिकार नाही. जानेवारी २०१९ मध्ये बीजिंगमधल्या पक्षाच्या दैनिकाने दरबारी मालिकांचे दुष्परिणाम सांगितले, त्यांतून राजेशाही विलासाचं आकर्षण वाढतं, कटकारस्थानं समाजात झिरपतात, असं म्हटलं, आणि लोकप्रिय मालिका वाहिन्यांवरून उतरल्या. माझ्या तक्रारीचे शब्द त्यांच्या तक्रारीला वरवर जवळचे वाटतील, म्हणून स्पष्ट सांगतो. त्यांना लोकांनी दरबाराकडे बघणं कमी करायला हवं आहे. मला लोकांनी जास्त बघायला हवं आहे, गादीच्या मागे, फासाच्या दालनात, स्वयंपाकघरात, अर्ज उतरवून घेणाऱ्या कारकुनाच्या टेबलाशी. बंदीने कुठलीच कादंबरी चांगली होत नाही. आणि खरं तर, आडोसा घेऊन लिहिणाऱ्या लेखकालाच ‘गादी रक्ताने ठरते’ हे वाक्य सगळ्यात कमी परवडतं. ज्याला आजच्या सत्तेला प्रश्न विचारायचा आहे त्याने कालच्या सत्तेला आकाशाचा दाखला कशाला द्यावा?

आता पुन्हा ज्याजिंगकडे. तो अमर होण्यासाठी जी औषधं घेत होता त्यात पारा, शिसं, पहाटेचं दव आणि लहान मुलींच्या पहिल्या पाळीचं रक्त असे. मिंग काळातल्याच एका लेखकाने नोंदवून ठेवलं आहे की १५५२ मध्ये ८ ते १४ वर्षांच्या ३०० मुली यासाठी राजवाड्यात आणल्या गेल्या. आणि तो १५६७ मध्ये मेला, बहुधा याच औषधांनी. इथे फँटसीलेखकापुढे अगदी सरळ दोन रस्ते आहेत. औषध लागू पडलं, सम्राट अमर झाला, असं लिहिलं तर कथा थरारक होईल. पण मग त्या ३०० मुली ही किंमत ठरते, भयंकर पण उपयोगी पडलेली किंमत. वाचक हळहळेल आणि पुढचं पान उलटेल. औषध खोटं ठेवलं तर त्या मुली कशासाठी, याला कुणाकडेच उत्तर उरत नाही, आणि त्या बिनउत्तराच्या जागेपाशी वाचकाला थांबावं लागतं.

त्या मुली आणल्या त्याच्या दहा वर्षं आधी, १५४२ च्या नोव्हेंबरमधल्या एका रात्री, सम्राट त्साओ नावाच्या उपपत्नीच्या दालनात झोपला असताना सोळा दासींनी त्याला मारायचा प्रयत्न केला. कुणी हातपाय धरले, कुणी तोंडात फडकं कोंबलं, कुणी केसांतल्या पिनांनी भोसकलं, आणि रेशमी दोरीचा फास त्याच्या गळ्याभोवती आवळला. दोरीची गाठ चुकली. ती घट्ट बसेना. त्यातली एक घाबरून राणीला सांगायला धावली. राणी आली, दोरी सोडली, सम्राट वाचला. सोळाही जणींना देहाचे तुकडे करत मारण्याची शिक्षा झाली. जी सांगायला धावली तिलाही. त्साओ आणि आणखी एका उपपत्नीलाही.

नंतर सम्राटाने म्हटलं की आकाश आणि पृथ्वीच्या थोर कृपेने हा राजवाड्यातला उठाव मोडला, नाहीतर मी आज नसतो. चांगली शैली असलेला कुठलाही लेखक इथे ड्रॅगन आणू शकतो. पलंगाच्या छतावर कोरलेला सोनेरी ड्रॅगन जागा होतो, दोरीवर फुंकर घालतो. वाचायला सुंदर होईल. सम्राटाच्या म्हणण्यावर सही होईल.

त्या सोळा जणींची नावं शिक्षेच्या नोंदीमुळे उरली. पुढाकार घेणारी यांग जिनयिंग, तिच्या नावाचा अर्थ सोनफूल. राणीकडे धावलेली झांग जिनल्येन, सोनकमळ. यांग युश्यांग, जेड रत्नाचा सुगंध. शिंग त्सुइल्येन, हिरवं कमळ. त्या रात्री कुणाचे हात कापत होते, कुणाच्या मनात काय चाललं होतं, यातलं काही नोंदीत नाही. कादंबरीला जागा आहे ती इथे. भूत आणा, कोल्हा आणा, माशाच्या पोटातून लाल अक्षरं आणा. फक्त ती गाठ सोळा मुलींच्या हातांतच राहू द्या.